रात्रभर डोंगरात: दिवसा करायची तयारी आणि अंधारातला वाटशोध

प्रश्न थोडक्यात असा: डोंगरात चालण्याची स्पर्धा, पाच जणांचा गट, सुमारे ५० किलोमीटर अंतर, एकूण २,५०० मीटर चढ, २४ तासांची मुदत आणि मधली सबंध रात्र डोंगरात. दिवसा सगळे दमदार चालतात, पण रात्री कुणीच फारसं चाललेलं नाही. तयारी काय करावी आणि अंधारात वाट कशी धरावी?

रात्री पाय थकण्याच्या आधी डोकं थकतं. पहाटे तीनला, थंड बोटांनी, पेंगुळल्या डोळ्यांनी माणूस जो निर्णय घेतो तो त्याला सोपा वाटला म्हणून घेतलेला असतो. त्यामुळे रात्री जे जे ठरवावं लागेल ते जमेल तितकं घरीच, नकाशा पसरून, ठरवून टाका. डोंगरात फक्त ठरलेलं पाळायचं.

सुरुवात वेळेच्या हिशोबापासून करा. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला हिशोब आजही कामाला येतो: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास, म्हणजे १० मीटर चढाला एक मिनिट. तुमच्या ५० किलोमीटरचे १० तास, २,५०० मीटर चढाचे ४ तास १० मिनिटं, मिळून १४ तास १० मिनिटं. यात अंधार नाही, थकवा नाही, एकही थांबा नाही. समजा २० किलोमीटर रात्री पडणार. तिथे ताशी ५ ऐवजी ३ किलोमीटर धरा. ४ तासांचे ६ तास ४० मिनिटं होतात. आता बेरीज १६ तास ५० मिनिटं. दर दोन तासांना १० मिनिटं आणि मध्ये अर्ध्या तासाचे दोन मोठे थांबे धरले की १९ तास १० मिनिटांवर पोचता. उरलेले सुमारे पावणेपाच तास हेच तुमचं खरं भांडवल. ते वाट चुकण्यावर, फोडांवर, धुक्यावर खर्च होणार आहेत, म्हणून ते सुरुवातीलाच आरामात घालवू नका.

उताराला लोक वेळ धरतच नाहीत, ही नेहमीची चूक आहे. ब्रिटिश गिर्यारोहक एरिक लँगमुइर यांनी नाइस्मिथच्या हिशोबात दुरुस्ती सुचवली: साधारण ५ ते १२ अंशांच्या सौम्य उताराला दर ३०० मीटरला १० मिनिटं वजा करा, त्याहून तीव्र उताराला तितकीच मिळवा. रात्री मी वजाबाकी करतच नाही. घसाऱ्यावर किंवा ओल्या खडकावर टॉर्चच्या उजेडात उतरायला चढण्याइतकाही वेळ लागू शकतो.

यानंतर मार्गाचे तुकडे पाडा. दिवसा दोन-तीन किलोमीटरचा तुकडा चालतो. रात्री अर्ध्या ते एक किलोमीटरपेक्षा मोठा नको, आणि धुक्यात, वाट नसलेल्या पठारावर ३०० मीटरसुद्धा पुष्कळ झाले. प्रत्येक तुकड्याची एक ओळ कागदावर लिहा: कुठून कुठे, अंतर, चढ-उतार, दिशाकोन (उत्तरेपासून मोजलेला जायच्या दिशेचा कोन), लागणारी वेळ, वाटेत काय लागेल, आणि जागा चुकवून पुढे गेलो तर कशावरून कळेल. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा आणि तोच बहुतेक जण रिकामा सोडतात. उदाहरणार्थ: खिंडीतून सोंडेवरून वर, १.२ किलोमीटर, १५० मीटर चढ; रात्रीच्या वेगाने २४ अधिक १५, म्हणजे ३९ मिनिटं; १० मिनिटांनी डावीकडे ओढ्याचा उगम; जमीन सलग उतरू लागली तर माथा मागे राहिला. असं लिहिलेलं असलं की ४५ व्या मिनिटाला माथा आला नाही तर तुम्ही थांबता. लिहिलेलं नसलं तर ‘अजून थोडं पुढे असेल’ म्हणत तासभर चालत राहता.

त्याच कागदावर सुटकेच्या वाटा आणि परतीच्या वेळा लिहा. ‘अमुक खिंडीत रात्री एकपर्यंत पोचलो नाही तर पूर्वेच्या वाटेने खाली’ इतकं स्पष्ट. सुटकेची वाट म्हणून नकाशावरची सगळ्यांत आखूड रेघ निवडू नका. अनोळखी घळीपेक्षा दुप्पट लांबीची रुंद, मळलेली वाट रात्री अधिक सुरक्षित. कागदाची एक प्रत गटाबाहेरच्या एका विश्वासू माणसाकडे द्या आणि ‘अमुक वेळेपर्यंत माझा निरोप आला नाही तर यांना कळव’ हे तिथल्या बचाव क्रमांकासह लिहून द्या.

निघायची वेळ तुमच्या हातात असेल तर अवघड भाग, म्हणजे कड्याजवळची वाट, हात लावून चढायचे टप्पे आणि ओढे ओलांडायच्या जागा, उजेडात येतील अशी ती निवडा. रात्रीच्या वाट्याला रुंद धारा आणि मळलेल्या वाटा येऊ द्या. चंद्राचाही विचार करा: पौर्णिमेला तो सूर्यास्ताच्या सुमारास उगवून रात्रभर सोबत असतो, शुद्ध अष्टमीचा मध्यरात्रीच्या आसपास मावळतो, वद्य अष्टमीचा तेव्हाच उगवतो. पण ढग आले किंवा दाट झाडी लागली की ही सोबत संपते, त्यामुळे तयारी अमावास्येची ठेवा. शक्य असेल तर अवघड फाटे दिवसा पाहून या, आणि प्रत्येक फाट्यावर मागे वळूनही एक फोटो काढा. परत फिरावं लागलं तर दिसणार आहे ते मागचं दृश्य.

अंधारात वाट धरणं

दिवसा आपण दूरच्या खुणांवर चालतो: समोरचं शिखर, खालची दरी. रात्री जग टॉर्चच्या ३०-४० मीटरांपुरतं उरतं. म्हणून दृष्टीची जागा तीन गोष्टींनी भरून काढायची असते: दिशा, अंतर आणि पायाखालचा उतार. यांपैकी दोन जुळल्या तर पुढे जा; एकच जुळत असेल तर थांबा.

दिशा होकायंत्रावरून. नुसत्या अंदाजाने सरळ चालता येत नाही. जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, सूर्य किंवा चंद्र दिसेनासा झाल्यावर माणसं नकळत वळत गेली आणि जंगलात तर आपल्याच मार्गाला पुन्हा येऊन छेदली. चकवा लागतो तो असा. होकायंत्र मात्र हातात धरून, सतत बघत चालू नका. दिशाकोन लावा, टॉर्चच्या टप्प्यातला एक दगड किंवा झुडूप हेरा, तिथे जा, पुन्हा लावा. खूण मिळत नसेल तर एकाला २०-२५ मीटर पुढे पाठवून मागून ‘डावीकडे, अजून, बस’ असं सांगून रेषेत उभं करा. हे संथ काम आहे, पण धुक्यात याहून खात्रीचा मार्ग नाही.

चूक किती महागात पडते पाहा. एक किलोमीटरवर एका अंशाची चूक १७ मीटरची, पाच अंशांची जवळपास ८७ मीटरची. थकलेल्या हाताने पाच अंश सहज चुकतात. म्हणूनच तुकडे लहान ठेवायचे. नकाशावरची उत्तर आणि चुंबकाची उत्तर यांतला फरक नकाशाच्या समासात छापलेला असतो. तो वर्षागणिक बदलतो आणि जागेगणिकही, कुठे एक अंशाहून कमी तर कुठे पंधराहून जास्त. निघण्याआधी चालू आकडा काढून मार्गाच्या कागदावर वर लिहा आणि मिळवायचा की वजा करायचा हेही लिहा. पहाटे ते आठवत नाही.

सुईजवळ लोखंड किंवा चुंबक नको: फोन, पॉवर बँक, चाकू, पाण्याच्या नळीची चुंबकी क्लिप, चुंबकी बटणाचे हातमोजे. होकायंत्र फोनला चिकटून एकाच खिशात राहिलं तर सुईचे ध्रुव उलटूही शकतात. निघताना सगळ्यांची होकायंत्रं एकमेकांपासून दूर धरून जुळतात का पाहा. दिशाकोन लावल्यावर एक प्रश्न स्वतःला विचारायचाच: या दिशेने नकाशात चढ आहे की उतार, आणि समोर तेच आहे का? १८० अंशांची चूक या एका प्रश्नात पकडली जाते.

अंतर पावलांवरून. मोजलेल्या १०० मीटरवर एकच पाय, समजा डावा, किती वेळा पडतो ते मोजा. सपाटीवर बहुतेकांचा आकडा ६० ते ७० दरम्यान येतो, खड्या चढावर ९०-१०० पर्यंत जातो. सराव पाठीवर पूर्ण वजन घेऊन आणि रात्री करा, कारण अंधारात पाऊल आपोआप आखूड पडतं. प्रत्येक शंभर मीटरला एक खडा या खिशातून त्या खिशात, किंवा दोरीवरचा एक मणी खाली. तोंडी मोजणी पाचशेच्या पुढे कुणाचीच टिकत नाही. एकाने पावलं मोजावी, दुसऱ्याने घड्याळ पाहावं. दोघांची उत्तरं जवळपास जुळली की त्या जागेवर भरवसा ठेवावा.

उतार हे तिसरं साधन, आणि ते फार कमी वापरलं जातं. तुम्ही उभे आहात तिथे पाणी ओतलं तर ते ज्या बाजूला वाहील तिकडे होकायंत्र रोखा. ती दिशा वायव्य आली आणि तुम्ही आहोत असं मानता ती बाजू नकाशात आग्नेयेकडे उतरते, तर तुम्ही सोंडेच्या भलत्याच अंगाला आहात. धुक्यात, वाट पुसलेल्या ठिकाणी, ही एक खूण सगळी शंका फेडते. सोबत उंची दाखवणारं घड्याळ असेल तर नकाशातल्या कुठल्या समोच्च रेषेवर (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषेवर) आहात हेही कळतं. ते हवेच्या दाबावर चालतं, त्यामुळे प्रत्येक खिंडीत आणि माथ्यावर नकाशातल्या आकड्याशी जुळवून घ्या. आणि एकाच जागी बसलेले असताना उंची ४० मीटरने वाढलेली दिसली, तर दाब सुमारे ५ हेक्टोपास्कलने उतरला आहे. हवा बिघडते आहे असं समजा.

मार्ग आखताना रेषांच्या कडेने चाला: ओढा, कुंपण, धार, झाडीची कड. आणि ओढ्यावरचा पूल गाठायचा असेल तर थेट पुलावर नेम धरू नका. ओढ्याशी पोचल्यावर पूल दिसला नाही तर तो डावीकडे राहिला की उजवीकडे हे कळणार नाही. मुद्दाम दहा अंश डावीकडे सरकून चाला. ५०० मीटरवर तुम्ही सुमारे ९० मीटर डावीकडे पोचाल, आणि मग उजवीकडे वळायचं हे नक्की असेल. मात्र डावीकडे कडा असेल तर हा नेम उजवीकडे सरकवा, हे घरीच बघून ठेवा.

फोन आणि जीपीएस वापराच, पण जागा पडताळायला. नकाशा आधीच उतरवून ठेवा, विमान मोडवर ठेवा, फोन अंगाजवळच्या खिशात ठेवा, कारण थंडीत बॅटरी झपाट्याने बसते. दहा हजार मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक फोन साधारण दोनदा भरते. अरुंद घळीत आणि उंच कड्याखाली संकेत खडकावर आपटून येतात आणि जागा बरीच सरकून दिसते. ओल्या पडद्यावर बोट चालत नाही. आणि दुसऱ्याने नोंदवलेली वाटेची रेघ बिंदू कमी करून साठवलेली असू शकते. मग नागमोडी वळणं सरळ होतात आणि रेघ कड्यावरून जाते. रेघ आणि पायाखालची वाट यांत फरक पडला तर पायाखालची वाट आधी तपासा. कागदी नकाशा जलरोधक पिशवीत गळ्यात आणि दुसरी प्रत दुसऱ्याकडे.

वाट चुकली तर

शंका आली त्याच क्षणी सगळ्यांनी थांबायचं. गरम कपडे चढवा, काहीतरी खा, मग बोला. शेवटची खात्रीची जागा कोणती आणि तिथून किती मिनिटं झाली? ताशी ३ किलोमीटरने २० मिनिटं झाली असतील तर तुम्ही त्या जागेपासून एक किलोमीटरच्या आत आहात. नकाशावर तेवढं वर्तुळ काढा आणि उतार, उंची, ओढ्याचा आवाज यांवरून त्यातले अशक्य भाग खोडत जा. तरी जमलं नाही तर आल्या वाटेने परत त्या खात्रीच्या जागी जा. परत जाणं जिवावर येतं, पण तेच बहुतेकदा सगळ्यांत लवकर सोडवतं.

अंधारात अनोळखी घळीने खाली उतरू नका. ‘पाणी गावाकडे जातं’ हे खरं असलं तरी ते वाटेत धबधब्यावरून जातं. टॉर्चच्या झोतात कड्याची कड ही नुसती काळी जागा दिसते. खात्री नसेल तर वाऱ्याआड, पिशव्यांवर बसून उजाडायची वाट पाहा. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी चालण्यापुरतं दिसू लागतं. मदत हवी असेल तर आल्प्समधून आलेला, अनेक देशांत ओळखला जाणारा संकेत: मिनिटात सहा शिट्ट्या किंवा प्रकाशाचे सहा झोत, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीनचं येतं. उत्तर आलं तरी मदत करणारे तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत संकेत चालू ठेवा.

उजेड

प्रत्येकाकडे दोन हेडटॉर्च. एक मुख्य, २०० ते ३०० लुमेनची, आणि एक छोटी. दुसरी यासाठी की पहिलीची बॅटरी बदलायलाही उजेड लागतो. बॅटरी संपायची वाट न पाहता, ठरलेल्या थांब्यावर, बसून बदला. धुक्यात कपाळावरचा झोत पांढरी भिंत उभी करतो. टॉर्च काढून कमरेच्या उंचीला धरा. तिथून दगडांच्या सावल्याही लांब पडतात आणि खाचखळगे दिसतात. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि समोरच्याने तोंडावर झोत मारला की ते एका क्षणात वाया जातं, म्हणून बोलताना टॉर्च खाली. मोकळ्या धारेवर अधूनमधून सगळे टॉर्च बंद करून क्षितिज पाहा. धारेचा आकार नकाशाशी जुळवता येतो.

थंडी

दर १,००० मीटर उंचीला तापमान सरासरी ६.५ अंशांनी उतरतं. ५ अंशांत ताशी ४० किलोमीटरचा वारा असला तर उघड्या त्वचेला ते उणे १ सारखं लागतं. त्यात घामाने किंवा पावसाने भिजलेले कपडे आले की शरीर तापमान धरू शकत नाही. २२ मे २०२१ रोजी चीनमधल्या कान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत हवा अचानक पालटली आणि २१ धावक दगावले, तेही दिवसाउजेडी. कसलेले धावक होते ते. वारा अडवणारं जाकीट तिथे सक्तीच्या यादीत नव्हतं. आयोजकांची यादी काहीही म्हणो, तुमच्या पिशवीत हे असलंच पाहिजे: शिवणी बंद केलेलं जलरोधक जाकीट आणि पँट, जलरोधक पिशवीत एक कोरडा गरम थर, टोपी, हातमोज्यांच्या दोन जोड्या, चकाकत्या फॉइलची पिशवी किंवा चादर, आणि गटात मिळून सगळे आत बसू शकतील असा एक हलका निवारा. हातमोजे दोन, कारण बोटं गेली की चेन, होकायंत्र, खाणं, सगळंच जातं. अंगालगत सुती कपडा नको. तो भिजला की वाळत नाही.

कपडे थंडी वाजण्याआधी चढवा: धारेवर वाऱ्यात जाण्यापूर्वी, खिंडीच्या आडोशाला. थांबलात की दोन मिनिटांत गरम थर अंगावर.

शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की तो हायपोथर्मिया. तो झालेल्याला स्वतःला कळत नाही, सोबत्याला कळतो: बोलणं कमी होतं, शब्द जड येतात, माणूस अडखळतो, खायला नको म्हणतो, चेन उघडी राहते. अशी शंका आली की चालणं थांबवून निवारा, कोरडे कपडे, जमिनीपासून वेगळं बसणं, आणि शुद्धीत असेल तर गोड गरम पेय. हातपाय चोळू नका, दारू देऊ नका. कुडकुडणं थांबलं आणि माणूस गुंगीत गेला तर तो गंभीर आहे. त्याला आडवाच ठेवा, हळुवार हाताळा, चालवू नका, मदत बोलवा.

खाणं, पाणी, झोप

तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकत्र असतील आणि पोटाला सवय केली असेल तर ९० पर्यंत जाता येतं. रात्री भूक मरते, म्हणून दर अर्ध्या तासाचा गजर लावा आणि तो वाजला की खा. गोडाचा वीट येतो, तेव्हा निम्मं खाणं खारट ठेवा. पाणी हवेप्रमाणे तासाला साधारण ४०० ते ८०० मिलिलिटर, तहानेच्या अंदाजाने. उगाच ढोसलेलं पाणी रक्तातलं सोडियम उतरवतं. बोटं सुजणं, डोकेदुखी, मळमळ, गोंधळ ही त्याची लक्षणं. आयब्रुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या चालताना टाळा, दमलेल्या आणि पाणी कमी पडलेल्या शरीरात त्या मूत्रपिंडावर येतात.

शरीर सर्वांत मंद पहाटे तीन ते पाचमध्ये असतं. या दोन तासांत अवघड टप्पा ठेवू नका. कॅफीन आधी संपवू नका. १०० ते २०० मिलिग्रॅम त्या वेळेसाठी राखा, आणि ते भिनायला अर्धा तास लागतो हे धरा. डोळे मिटतच असतील तर आडोशाला सगळे गरम कपडे घालून २० मिनिटांची झोप घ्या. जागा झाल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं डोकं जड असतं, तेवढ्यात कड्याची वाट धरू नका. आधीच्या आठवड्यात रोज तासभर जास्त झोपलात तर या रात्री त्याचा थेट फायदा मिळतो.

सराव

तीन ते चार महिने द्या. सगळ्यांत लांब सरावफेरी स्पर्धेच्या वेळेच्या साठ-सत्तर टक्के पुरे. तीव्र उतार मुद्दाम घ्या. मांड्या चढापेक्षा उताराने फाटतात आणि उताराचा सराव असलेले स्नायू पुढच्या वेळी बरेच कमी दुखतात. महिन्यातून एक सरावफेरी पूर्ण रात्रीची, खऱ्या पिशवीसह, आणि प्रत्येक फेरीत नकाशा वेगळ्या माणसाकडे. एकच वाटाड्या असलेला गट तो दमल्यावर आंधळा होतो. शेवटचे दोन आठवडे चालणं निम्म्यावर आणा. बूट अर्धा नंबर मोठे, कारण पाय सुजतात. बोट चुरचुरलं की त्याच मिनिटाला टेप लावा, पुढच्या थांब्यावर फोड आलेला असतो.

गटाचे नियम

वेग सर्वांत मागच्याचा. पुढे आणि मागे अनुभवी माणूस, प्रत्येक फाट्यावर डोकी मोजायची. गट कधीच फोडायचा नाही. अपवाद फक्त अपघाताचा: एक जखमी, एक त्याच्याजवळ, दोघे मदतीला. म्हणून चारपेक्षा कमी माणसांनी अशा रात्री निघू नये. परतायचं म्हणणाऱ्याचं मत एकट्याचं असलं तरी चालावं, आणि हे निघण्यापूर्वी सगळ्यांनी मोठ्याने मान्य करावं. पहाटे त्यावर वाद घालण्याची ताकद कुणात उरत नाही.

शेवटचं नियोजन खाली उतरल्यानंतरचं. १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं लक्ष रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्यासारखं होतं, २४ तासांनी ०.१० टक्के असल्यासारखं, हे प्रयोगांत दिसलं आहे. न चाललेला चालक आधीच ठरवून ठेवा, किंवा पायथ्याशी झोपायची जागा पक्की करा आणि चार-पाच तास झोपल्याशिवाय कुणालाही गाडीची किल्ली देऊ नका.